काकांचा हात

"जागा सोडा!" हे शेजारच्या काकांचं पालुपद. भाजीवाला एका दमात सगळे भाव सांगू लागला की त्याला "भैया, जगह छोड़ो!", आणि मी ऑफिसातलं गाऱ्हाणं घाईघाईने ओकू लागले की मला "जागा सोड, बेटा!" तोवर त्यांची दोन बोटं टेबलावर टकटक करत असायची. उभा जन्म फौजेत मोर्सचे संदेश ठोकण्यात गेलेला हा माणूस. दोन अक्षरांत जागा सोडली नाही तर संदेशाची खिचडी होते, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं.

असा एखादा निवृत्त फौजी तुमच्याही शेजारी असेल. दारात चकचकीत बूट, दोरीवर कपडे रांगेत. आमचे काका मूळचे अमरावतीचे. बायको बँकेत होती, तिच्या बदलीपायी इकडे हिंदी मुलखात, नेहरू नगरात आले आणि ती गेल्यावरही इथेच राहिले. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती.

घरात त्यांची जीव की प्राण वस्तू एकच. लाकडी पाट, त्यावर पितळी दांडी, टोकाला काळी गुंडी. फौजेत तिला 'की' म्हणत, मी किल्ली म्हणायची. फौजेच्या लिलावात निघालेली ती किल्ली काकांनी घेतली आणि तिला बॅटरीवरचा बझर जोडला. रोज संध्याकाळी सहाला ते डेहराडूनला लँडलाइन लावत. मोबाइल म्हणे बझरला गोंगाट समजून गिळून टाकतो. पलीकडे त्यांचा जुना जोडीदार, एक गढवाली सुभेदार, तशीच किल्ली घेऊन बसलेला. हॅलो नाही, रामराम नाही. रिसीव्हर बझरपाशी ठेवायचा आणि पाच मिनिटं नुसतं डिट-डा, डिट-डा, आखूड ठोका, लांब ठोका.

"काका, सरळ बोलत का नाही हो?" मी एकदा विचारलं.

"तोंड म्हणतं, मी मजेत. हात खोटं बोलत नाही, बेटा. प्रत्येकाचा हात वेगळा. बर्फातल्या चौकीवरून याचे चार ठोके आले की मला कळायचं, आज गड्याला ताप आहे."

आणि नेमका काकांचाच हात थरथरू लागला. शाहपुऱ्यातल्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आजाराचं काकांना काही वाटलं नाही. धास्ती घेतली ती सहा वाजण्याची. सुभेदाराला हृदयाचे दोन झटके येऊन गेलेले. त्याच्या मुलीने हात जोडून सांगितलं होतं, "चाचाजी, पापा को कोई टेंशन मत देना।"

तेव्हापासून त्यांचा सगळा दिवस सहाभोवती फिरू लागला. गोळी बरोबर पाचला, म्हणजे सहाला तिचा जोर असतो. साडेपाचला सराव. मी ऑफिसातून येऊन चहा टाकायची आणि भिंतीला कान लावायची. तीच अक्षरं पुन्हा पुन्हा, मध्येच अडखळलेली. चहा उतू जायचा तरी माझं लक्ष पलीकडेच. मग मला हाक यायची.

"आज डिट लांबली का गं?"

"छे, काका. अगदी स्वच्छ."

मला धड कळतही नव्हतं, पण खोटं सांगायला काय लागतं?

एकदा गोळी लागूच पडली नाही. सहाला दोन मिनिटं होती. माझ्यासमोर काकांनी फोन लावला, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं आणि कसेबसे दोन शब्द ठोकले, 'सब ठीक'. कपाळावरून घाम ओघळत होता. रिसीव्हर ठेवून त्यांनी विचारलं, "पकडलं नसेल ना त्याने?"

गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टर ऑपरेशनचं समजावत होते आणि यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"आज तू कर," ते मला म्हणाले. "तो वाट बघेल. 'सब ठीक' एवढंच, इंग्रजी सात अक्षरं आहेत फक्त." पलंगाच्या दांडीवर बोटाने ठोकून त्यांनी ती माझ्याकडून घोकून घेतली. "घाई नको. जागा सोड."

सहाला मी त्यांच्या खुर्चीत बसले. सातही अक्षरं बरोबर गेली, शपथेवर सांगते. आणि मग मी त्या फोनवर पहिल्यांदाच माणसाचा आवाज ऐकला.

"आप कौन? वो कहाँ है?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याच्या हृदयाच्या भीतीने मीच घाबरले. मग तो हळूच म्हणाला, "हाथ तो उसका दो साल से काँप रहा है, बेटी। मैं रोज़ सुनता हूँ। उसे मत बताना कि मुझे पता है।"

दवाखान्यात परतले तेव्हा काका टक्क जागे होते. "पकडलं?"

"नाही, काका. त्यांना तुम्हीच वाटलात."

त्यांनी डोळे मिटले. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दुपारी काका गेले.

त्या संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्या खुर्चीत बसले आणि डेहराडूनला फोन लावला. पलीकडून बझर वाजला, सावकाश, मला कळावं म्हणून प्रत्येक अक्षरानंतर भरपूर जागा सोडून. 'सब ठीक?'

उत्तराची सात अक्षरं मला पाठ होती. मी गुंडीवर बोटं ठेवली. काकांशी तोंडाने किती सहज खोटं बोलले होते मी! हात काही खाली जाईना.

शेवटी तोच म्हणाला, "समझ गया, बेटी।"