जावयाचा दीड मिलीमीटर

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि आमच्या धारच्या घरात तो महिनाभर जावई म्हणजे साक्षात नारायण. अनारसे त्याला, चांदीचा दिवा त्याला, पंख्याखालची खुर्ची त्याला. यंदा आम्ही देवासहून गेलो तेव्हा उंबऱ्यावर ह्यांच्या पायांवर पाणी घातलं गेलं आणि माझ्या हातात आईने पुरणाचं पातेलं दिलं. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी दर वेळी म्हणते. वाटतं.

यंदा दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जावयाचा सल्ला हवा होता. त्यांची जुनी लाल गाडी, कार्बोरेटरवाली, मागच्या हिवाळ्यात मांडूच्या घाटात दम टाकून उभी राहिली होती. सहलीच्या बसमधल्या पोरांनी ‘जोर लगाके’ करत ती ढकलली, आणि आई आत बसलेली. घरी येऊन आईने जाहीर केलं, ह्या डब्यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. दादांनी ते फार मनाला लावून घेतलं. आईला घेऊन गाडी तोच घाट एका दमात चढली तर ठेवायची, नाही तर भंगारात द्यायची, असा त्यांनी पणच केला. त्यासाठी इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवायचं ठरलं. आणि किती वाढवायचं ते विचारलं कुणाला? जावयाला.

आमचे हे बँकेत घरकर्जं बघतात. बॉनेट उघडायची कळ कुठे असते तेही ह्यांना दाखवावं लागतं. मी देवासला एका कारखान्यात डिझेल इंजिनांची चाचणी घेते, बारा महिने तेरा काळ. दादांना हे ठाऊक नाही का? पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगतात, “आमची बेटी इंजिनवाली!” पण इंजिनाचं विचारायची वेळ आली की त्यांची मान जावयाकडेच वळते.

अंगणात हेड उलटं करून ठेवलं होतं. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण. प्रत्येक सिलिंडरावर त्याला आतून एक वाटीसारखी पोकळी असते, पेट्रोल जळतं ते तिथे. पिस्टन खाली असताना जेवढी जागा असते तिला, तो वर आल्यावर जेवढी उरते तिने भागायचं, की झालं कॉम्प्रेशन. झाकण घासलं की वाटी उथळ होते, हवा जास्त दाबली जाते, गाडी जोर धरते. फार घासलं तर मात्र त्या दाबानेच पेट्रोल अवेळी भडकतं आणि पिस्टनवर घण पडायला लागतात.

दुपारी सगळे लवंडल्यावर मी चोरासारखी अंगणात गेले. स्वतःच्या माहेरात! वाटीवर भोक पाडलेला प्लास्टिकचा तुकडा ग्रीसने चिकटवला आणि सिरिंजने थेंब थेंब डिझेल सोडून ती मोजली. गास्केटची जाडी वगैरे धरून चौतीस सीसी. पिस्टनची धाव दोनशे पासष्ट सीसीची. दोन्ही मिळून दोनशे नव्याण्णव, भागिले चौतीस, म्हणजे पावणेनऊ. अर्धा मिलीमीटर घासला तर नऊच्या थोडं वर जाईल. ह्या वयाच्या इंजिनाला, असल्या उन्हात, तेवढं पुष्कळ.

मी ह्यांना हलवून उठवलं. “ऐका, दादांनी विचारलं की अर्धा मिलीमीटर म्हणायचं. जास्त नाही.”

“अगं, मग तूच सांग ना त्यांना.”

“मला विचारलंय का कुणी?” मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच.

संध्याकाळी हेड न्यायला मशीनवाला आला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. ह्यांनी शहाण्यासारखं अर्धा मिलीमीटर सांगितलं. मशीनवाला हसला. “बस, आधा? भिया, इतने के लिए कौन हेड खोलता है?” दादांचा चेहरा पडला. त्यांचा पडलेला चेहरा पाहून आमच्या नारायणांना स्फुरण चढलं. पायावर पाय टाकून म्हणाले, “मग दीड करा. होऊ दे दणक्यात!” दादांनी मांडीवर थाप मारली. “जावईबापूंनी सांगितलं म्हणजे सांगितलं!”

दीड म्हणजे कॉम्प्रेशन थेट दहावर. बोलून बसल्यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाचावर धारण बसली होती, दिसत होतं. मी एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. मी ट्रे ठेवला, साखर बरोबर आहे ना विचारलं आणि आत गेले.

हेड घासून आलं, गाडी जोडून झाली. सपाटीवर अशी पळाली म्हणे, की दादा शीळ घालायला लागले. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा धारला गेलो. आई ठेवणीतली माहेश्वरी नेसून, हट्ट सोडून गाडीत बसली. पुढे दादा आणि जावई, मागे आम्ही मायलेकी. घाट लागला आणि इंजिनातून आवाज सुरू झाला, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा.

“ऐका, जोर कसा बोलतोय!” दादा म्हणाले आणि त्यांनी पाय आणखी दाबला. काय बोलतंय ते मला ठाऊक होतं. “दादा, पाय काढा!” मी शेवटी ओरडले. तोवर आत खाड्‌ झालं, मागे निळा धूर सुटला आणि गाडी चढावरच उभी राहिली. रस्त्याकडेला इमली विकत बसलेली बाई धावत आली, तिनेच चाकामागे दगड लावला.

आई खाली उतरली. डोक्यावर पदर घेऊन कठड्यावर जाऊन बसली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आणि दादा? ते ह्यांच्यापुढे हात जोडून उभे! “जावईबापू, तुमचं काही चुकलं नाही हो. गाडीच म्हातारी. धोंड्याच्या महिन्यात तुम्हाला असं रस्त्यावर उभं केलं, माफ करा.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा म्हातारा बाप, भर उन्हात, हात जोडून. शेवटी ह्यांनाच राहवलं नाही.

“दादा, हात कसले जोडता! तिने मोजून अर्धा सांगितला होता. दीड हा माझा शहाणपणा.”

दादा माझ्याकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस, बेटा?”

“चारचौघांत जावयाचा शब्द कसा मोडायचा?” मी म्हणाले.

“तेही खरंच,” दादा म्हणाले. “आम्हीच तसं वळण लावलं.” माझी धादांत थाप त्यांनी खरी मानली, वर दोष स्वतःकडे घेतला. मला त्यांच्याकडे बघवेना.

कारण मानबिन काही नव्हतं. चहाचा ट्रे ठेवताना माझ्या मनात एवढंच होतं, की घासा दीड. बिघडू दे. मग कळेल कुणाला विचारायचं होतं ते.

परवा दादांचा फोन आला. नेहमी ह्यांच्या मोबाइलवर येतो, परवा माझ्या नंबरवर आला. पिस्टनला भोक पडलंय, म्हणाले, आणि भंगारवाला उद्या गाडी न्यायला येतोय. मग विचारलं, “समज, दुसरं हेड मिळालं असतं, तर किती घासायचं होतं गं?”

“अर्धा, दादा.”

“अर्धा,” ते म्हणाले. “तुलाच आधी विचारायला हवं होतं.”

हे एकच वाक्य मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यासाठी मी त्यांची गाडी मोडू दिली.