सदस्य क्रमांक तीन

रंजना सैंदाणे साडी तपासत होती, तेव्हा मयुरी तिच्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"मावशी, बोलायचंय तुमच्याशी. जेवायच्या सुट्टीत. एकटीशीच."

उधन्याच्या त्या कारखान्यात छपाई झालेल्या साड्या यायच्या. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून साडी हळूहळू ओढत न्यायची, डाग किंवा सरकलेली छपाई दिसली की खडूची खूण करायची आणि पुढे घडी घालणाऱ्या बायांकडे सरकवायची, हे रंजनाचं काम. अकरा वर्षं ती त्याच टेबलाशी उभी होती. घर कोसाडच्या सरकारी आवास वसाहतीत. नवरा योगराज पॉवरलूमवर, यंत्रांच्या खडखडाटानं त्याचे कान निम्मे गेलेले. मुलगी गायत्री कॉलेजात. रंजनाला वाटायचं, आपलं आता नीट चाललंय, यात कुणी ढवळाढवळ करू नये.

सुट्टीत मयुरी तिला जिन्याखाली घेऊन गेली. बावीस वर्षांची पोरगी, जिंतूर तालुक्यातली, पांडेसऱ्याला भावाकडे राहणारी. घडी खात्यात लागून तिला पाच महिनेही झाले नव्हते, पण जेवताना ती रंजनाला डब्यातलं काहीतरी काढून द्यायची.

"सुपरवायझर मला माल मोजायला म्हणून गोडाऊनमधी बोलावतेत," ती म्हणाली. "आत गेलं की दार लोटून घेतेत. आधी नुसतं बोलायचे. मग फोन करायला लागले. काल हात धरला, कमरेला... मावशी, मला आता कामावर यायलाच भ्या वाटतंय."

रंजनाच्या हातातला डबा तसाच राहिला. सुपरवायझर म्हणजे पंडित. तिच्या माहेरचा पंडित.

"मला कशाला सांगतेस हे?" ती म्हणाली. आपला आवाज चिडका निघाला हे तिलाही कळलं.

"तुमचंच नाव हाय ना बोर्डावर? गुजराती येणाऱ्या एकीनं वाचून दाखवलं."

"कुठल्या बोर्डावर?"

मयुरीनं फाटकाच्या दिशेनं बोट केलं.

फाटकाजवळ, हजेरीच्या मशीनच्या वर गुजरातीत लिहिलेला एक पांढरा बोर्ड होता. रंजना रोज त्याच्याखाली अंगठा लावायची. आग लागली तर कुठून पळायचं असलं काहीतरी असेल, अशी तिची समजूत होती. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही मराठीत. गुजराती ती बसच्या पाट्यांपुरती वाचायची. संध्याकाळी सुटताना तिनं बोर्डाचा फोटो काढला आणि घरी गायत्रीला दाखवला.

गायत्रीनं मोठ्यानं वाचलं. स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. अध्यक्ष, अकाउंट्सच्या मॅडम. सदस्य, मॅनेजर नितीनभाई. सदस्य क्रमांक तीन, रंजनाबेन योगराज सैंदाणे. बाहेरच्या सदस्य, चंचलबेन, आणि पुढे एक फोन नंबर.

"मम्मी, तू कमिटीमां छे!" गायत्री हसायला लागली. मग थांबली. "का गं, काही झालंय का कंपनीत?"

"काही नाही. सहज बघितलं."

रंजनाला आठवलं. तीन वर्षांपूर्वी नितीनभाईंनी तिला ऑफिसात बोलावून एका कागदावर सही घेतली होती. त्यानंतर दर जानेवारीत एक कागद यायचा, ती सही करायची. काय आहे असं तिनं एकदा विचारलं होतं. "सरकारी फॉर्मालिटी छे, बेन," ते म्हणाले होते. तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्या आठवड्यात तिचा कशात जीव लागेना. बसमध्ये जागा मिळाली तरी ती उभीच राहायची. टेबलावरून हळदीसारखा पिवळा डाग पडलेली साडी पुढे निघून गेली आणि घडीच्या बायांनी ती परत आणून दिली. घरी भाकरी करता करता ती दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन आली.

"काय व्हयनं वं तुले?" योगराजनं विचारलं.

"काही नही."

"मंग अशी काय फिरी ऱ्हायनी?"

ती पुन्हा तव्यापाशी बसली. योगराजचा कारखाना बंद पडला तेव्हा पंडितनंच तिला इथं आणलं होतं. पहिले पंधरा दिवस तिला कापडावरचा डाग आणि छपाईची सावली यांतला फरक कळत नव्हता. पंडित शेजारी उभा राहून दाखवायचा. आई गेली तेव्हा त्यानं गाडी करून तिला गावी पाठवलं होतं. अकरा वर्षांत त्यानं तिच्याकडे वाकडी नजर टाकली नव्हती. आणि तरी मयुरी खोटं बोलत नाही हे तिला जिन्याखालीच समजलं होतं. तिला दोन्ही गोष्टी माहीत होत्या आणि त्या एकत्र मावत नव्हत्या.

शेवटी तिनं ठरवलं, आपण घरातल्यासारखं मिटवू. शुक्रवारी चहाच्या वेळी तिनं पंडितला बाजूला घेतलं.

"पंडितभाऊ, त्या मयुरीला गोडाऊनमध्ये बोलावत जाऊ नका."

"का? काय म्हणाली ती?"

"काही म्हणाली नाही. लहान आहे, परक्या गावची आहे. बरं दिसत नाही."

पंडित हसला. "ताई, काम टाळायला पोरी कायबी सांगतात. तू कशाला यात पडतेस? तू आपली साड्या बघ."

तो इतका सहज बोलला की रंजनाला क्षणभर बरंही वाटलं. पण शनिवारी संध्याकाळी मयुरीला सांगण्यात आलं, सोमवारपासून येऊ नकोस, हात हळू चालतो तुझा.

मयुरी फाटकात रंजनाला भेटली. रडत नव्हती.

"मावशी, तुम्ही त्यांना सांगितलं का?"

"मला वाटलं, सांगितलं की थांबेल."

"मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," मयुरी म्हणाली आणि रिक्षात बसून निघून गेली.

रविवार रंजनानं कसा काढला तिचं तिला ठाऊक. धुतलेली भांडी तिनं पुन्हा धुतली. बाजाराला म्हणून निघाली आणि पिशवी रिकामीच घेऊन परत आली.

सोमवारी नितीनभाईंचा शिपाई तिला बोलवायला आला. जानेवारी लागला होता. टेबलावर कागद तयार होता.

"सही करो, बेन."

"यात काय लिहिलंय?"

नितीनभाईंनी मान वर केली. "दर वर्षीचंच. वर्षभरात किती तक्रारी आल्या ते."

"किती आल्या?"

"शून्य."

रंजनानं पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही. एक आहे."

"कुणाची?"

तिनं नाव सांगितलं. नितीनभाईंनी खुर्चीत मागं टेकून उसासा टाकला. ते वाईट गृहस्थ नव्हते. बायांना अडीनडीला सुट्टी द्यायचे, दिवाळीला मिठाई स्वतः वाटायचे. "बेन, ती मुलगी आता कामावर नाही. आणि लेखी काही आहे? लेखी नसेल तर तक्रार नाही. उगाच पंडितसारख्या माणसाचं नाव खराब होईल."

"मग लेखी आणते."

एवढं बोलून ती बाहेर आली. संडासात जाऊन तिनं कडी लावली आणि बोर्डावरचा बाहेरच्या सदस्याचा नंबर फिरवला. तिला वाटलं होतं कुणी उचलणार नाही. पलीकडे एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. चंचलबेन निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना या कारखान्यातून वर्षाला एक कागद कुरियरनं यायचा, त्या सही करून परत पाठवायच्या. आजवर कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं.

"चूक माझीही आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "मी कधी विचारलं नाही. आता ऐका. मुलीला लिहायला जमत नसेल तर तिला मदत करणं हे आपलं काम आहे, कायद्यातच आहे. सहा प्रती लागतील. आणि यातलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. पतीलाही नाही."

त्या दिवशी सुटल्यावर रंजना पांडेसऱ्याला गेली. मयुरीच्या वहिनीनं दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. दोघी गल्लीतल्या देवळाच्या पायरीवर बसल्या.

"आता काय उपयोग?" मयुरी म्हणाली. "काढलं की मला."

"काढलं ते माझ्यामुळे. म्हणून आले."

मग मयुरी सांगायला लागली. लिहायला घेतल्यावर ती पहिल्याच ओळीला अडली, म्हणून वही रंजनानं मांडीवर घेतली. पंचवीस वर्षांत तिनं सलग पानभर काही लिहिलं नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घ अडायचं, जोडाक्षरं मोडायची. तारीख, वेळ, कोण जवळ होतं, काय बोलणं झालं. काही वाक्यांना मयुरी थांबायची आणि दुसरीकडे बघून सांगायची, ती वाक्यं रंजना मान न उचलता लिहायची. दोन पानं झाली. मयुरीनं सही केली.

दुसऱ्या दिवशी सहा प्रती घेऊन रंजना ऑफिसात गेली, तेव्हा चंचलबेन आधीच तिथं बसलेल्या होत्या. कापडी पिशवी, जाड चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट. तक्रार आल्यावरही तक्रार करणारीला कामाबाहेर ठेवणं किती महागात पडेल, हे त्यांनी नितीनभाईंना दहा मिनिटांत समजावलं. मयुरीला परत बोलावून वरच्या मजल्यावर काम दिलं गेलं.

पण चौकशीला पाच आठवडे लागले, आणि ते आठवडे रंजनाला पेलत नव्हते. पंडितला तक्रारीची प्रत गेली तशी टेबलांभोवतीची कुजबूज वाढली. गावाकडच्या बाया तिच्याशी तुटक बोलू लागल्या. तिच्या टेबलाखालचा दिवा बिघडला तो आठ दिवस कुणी बदलला नाही, तिला डोळे फोडून कापड बघावं लागलं. योगराजनं दोनदा विचारलं, गायत्रीनं रोज. ती काहीच सांगू शकत नव्हती. घरातल्या घरात अशी गप्प ती कधीच राहिली नव्हती.

बैठक ऑफिसच्या एसी खोलीत झाली. चौघं सदस्य पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले होते. घडी खात्यातल्या सरस्वतीबाईंनी सांगितलं की दार लोटलेलं मी तीनदा पाहिलं, आणि एकदा मयुरी रडत बाहेर आली. मग पंडितला बोलावलं.

त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो अध्यक्षबाईंकडे बघून बोलायला लागला आणि मध्येच रंजनाकडे वळला.

"ही माझ्या गावची, मला बहिणीसारखी. अकरा वर्षं झाली. हिला विचारा मी कसा माणूस आहे."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. रंजना त्याच्याकडे वळली.

"माझ्याशी तुम्ही चांगलेच वागलात," ती म्हणाली. "पण पंडितभाऊ, माल मोजायला दार लोटावं लागतं का?"

"धूळ येते."

"गोडाऊनमध्ये मी पण मोजलाय माल तुमच्याबरोबर. दार सताड उघडं असायचं."

अध्यक्षबाईंनी पंडितला जायला सांगितलं. तो बाहेर गेल्यावर नितीनभाई म्हणाले, दार लोटणं हा काही गुन्हा नाही. अध्यक्षबाई पेनाशी चाळा करत होत्या. रंजनाला वाटलं, आपण बोलायचं ते अजून राहिलंय, आणि ते आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

"आणखी एक लिहून घ्या," ती म्हणाली. "मयुरीनं मला आधी सांगितलं होतं. मी तक्रार घेतली नाही. पंडितभाऊंना जाऊन बोलले. शुक्रवारी बोलले आणि शनिवारी तिला काढलं. तिचा हात हळू चालत असता तर चार महिने कुणी का बोललं नाही? ही माझी चूक झाली, ती पण कागदावर येऊ द्या."

अध्यक्षबाईंनी चाळा थांबवला. चंचलबेननी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

तिघींच्या मतानं तक्रार खरी ठरली. नितीनभाईंनी आपलं वेगळं मत लिहिलं, शेवटी सही मात्र केली. पंडितला सुपरवायझर पदावरून काढावं, त्यानं लेखी माफी मागावी, अशी शिफारस गेली आणि मालकानं ती मानली. पंडितनं माफीचा कागद दिला आणि महिन्याभरात सचिन गावच्या दुसऱ्या कारखान्यात काम धरलं. मयुरी टिकली. रंजनाशी ती बोलते, पण पहिल्यासारखं डब्यातलं काढून देत नाही. रंजनाही ते मागत नाही.

एप्रिलमध्ये दोंडाईच्याला नात्यातलं लग्न होतं. पंडितची बायको तिथं होती. रंजना पंगतीला बसायला गेली तशा ओळीतल्या तीन-चार बाया एकमेकींना खेटून बसल्या, मधली जागा बुजली. ती पुढच्या ओळीत अनोळखी वऱ्हाडात जाऊन बसली आणि भराभर जेवून उठली. त्या गर्दीत पंडितची बायको एकदा तिच्यासमोर आली, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पदर सावरत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं रंजनाला वाटलं.

दुपारच्या पॅसेंजरनं ती आणि योगराज परत निघाले. नंदुरबार गेलं तरी ती पिशवीचे बंद सोडत होती, बांधत होती. योगराज तिच्या कानाशी वाकला. त्याला कमी ऐकू येत असल्यामुळे हळू बोलणं त्याला जमायचं नाही, पण त्यानं प्रयत्न केला.

"मी काही इचारत नही. इतलंच सांग, पोर खरी बोलनी ना?"

"ते सांगता येत नही," ती म्हणाली.

योगराजनं समजल्यासारखी मान हलवली. मग तो उठला, तिला खिडकीकडे सरकायला सांगितलं आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. बाहेर उन्हात नवापूरची टेकाडं मागं पळत होती. रंजनानं गजाला डोकं टेकलं. गाडीच्या धक्क्यानं ते आपटत होतं, तरी तिनं काढलं नाही.