पहिली ओळ बाईंची

एस्तेरबाई वानखडे यांची आणि माझी ओळख माझ्या फजितीपासून सुरू झाली. नेरहून बदली होऊन मी दिग्रसला आलो आणि पहिल्याच रविवारी बाजारामागच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये जाऊन बसलो. गाण्याची हौस आणि आवाजाचा थोडा तोरा, दोन्ही सोबत होतं. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं, पेटी वाजली आणि मी पहिली ओळ खणखणीत सुरू केली. अख्ख्या मंडळीत मी एकटाच! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दिग्रसला पहिली ओळ बाई एकट्या म्हणतात आणि बाकीचे दुसऱ्या ओळीला येतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. उपासना संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. आता बोलणी खावी लागणार, अशी मी तयारी ठेवली. त्या म्हणाल्या, "बाबू, आवाज चांगला हाय तुहा. पण इतकी घाई काहून करून राह्यला? देव कुठी पळून चालला का?" पुढच्या रविवारी त्यांनी मला पेटीवर बसवलं. तिथून मी अजून उठलेलो नाही.

बाईंची नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेतली, त्यामुळे शिस्त कडक. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या अंगणात गाण्याचा सराव असे, आणि शब्द चावणाऱ्याची तिथे खैर नसे. सूट फक्त एका माणसाला होती. बाईंचे यजमान शामुएलकाका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. यंत्रांच्या गोंगाटात जन्म गेल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही चार घरं ऐकत, आणि सुराशी त्यांचं कधी जमलंच नाही. बाईंनी लग्नानंतर लगेच सांगून टाकलं होतं, "तुमी आपलं मनातल्या मनात म्हना." काकांनी ही आज्ञा मोठ्या निष्ठेने पाळली.

कोणावर संकट आलं की बाई तिथे पोचलेल्या असत. उपदेश त्यांना जमत नाही, त्या नुसत्या जवळ बसतात. आमच्या गल्लीतले मेकॅनिक रफीकभाई यांचं गॅरेज जळालं, तेव्हा त्या सकाळी चहाचा थर्मास घेऊन जळक्या पायरीवर जाऊन बसल्या. रफीकभाई आजही सांगतात, "बाईनं समजावलं काहीच नाही, भाऊ. बसून राह्यल्या फकत. मंग मीच उठलो अन् झाडू घेतला."

काही वर्षांपूर्वी बाईंच्याच घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की जीव वाचेल, आवाजाचा भरवसा देता येत नाही. सोबत मी होतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांना घसा जपायला सांगत होतो, आणि बाई शेजारच्या खाटेवरच्या घाबरलेल्या बाईसाठी सकाळपासून गात होत्या. शेवटी मी विचारलं, "बाई, तुम्हाला भीती नाही का वाटत?"

"वाट्टे ना, बाबू. हातपाय गार पडले माहे. पण मी येशूले सांगतलं, आवाज तुनंच देल्ला, तुले पाहिजे तं घे. फकत मले तुह्यासमोर उभं राहाची हिंमत ठेव."

धैर्यावरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली होती. स्वतःची भीती न लपवता देवाच्या हाती देणारं माणूस मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला त्यांचा विलक्षण अभिमान वाटला.

ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. इकडे मंडळीत गाणं सुरूच होईना. मी सूर देई आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत, कारण बाईंची ओळ म्हणायला कोणाचीच जीभ उचलत नव्हती. पाळकसाहेब बिचारे गीतं कमी करून प्रवचन लांबवू लागले. ते संकट आणखी वेगळंच! बाईंनी उभी केलेली गाणारी मंडळी आता मुकी होणार, असं मला वाटू लागलं.

मग एका रविवारी गळ्याला रुमाल बांधून बाई आल्या आणि आपल्या नेहमीच्या जागी, आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी सूर दिला. त्यांनी हात वर केला, ओठ हलवले. नुसता श्वास बाहेर आला. मी पुन्हा सूर दिला. बाईंचे डोळे भरले होते, पण हात खाली आला नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून पहिली ओळ आली, जाड, बेसूर आणि जिनिंगच्या पट्ट्यासारखी घसरणारी. शामुएलकाका! सवयीने बाईंच्या कपाळाला आठी पडली, मग त्या हसू लागल्या, आवाज नसलेलं ते हसू खांद्यांतून दिसत होतं, आणि वर धरलेला हात ठेका देऊ लागला. दुसरी ओळ आम्ही सगळे रडत रडत गायलो.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "कोनी ओळ उचलली नसती तं ते दिवसभर हात वर करून उभी राह्यली असती. ओयखतो ना मी तिले."

त्यानंतर बाईंनी नवीन शिरस्ता घातला. दर रविवारी पहिली ओळ वेगळ्या माणसाची. थरथरणाऱ्याचीही. त्या समोर उभ्या राहून नजरेने धीर देतात. पहिली ओळ म्हणू शकत नाही असा माणूस आज आमच्या मंडळीत शोधून सापडणार नाही, यात काकाही आले. ही बाईंची कमाई आहे आणि ती मी छाती फुगवून सांगतो.

बाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे, म्हणून मंडळीने त्यांचा सत्कार ठरवला आहे. आवाज थोडासा परतला आहे, कुजबुजीएवढा. प्रभू त्यांना उदंड आयुष्य देवो, त्यांची प्रकृती ठणठणीत राखो आणि शनिवारचं अंगण असंच भरलेलं ठेवो. सत्काराच्या दिवशी पहिली ओळ त्यांचीच असेल, हे आम्ही ठरवलं आहे. पंखे बंद करू, दारं लावून घेऊ, मी पेटीचा सूर अगदी बारीक धरीन. ओळ यायला वेळ लागला तर लागू दे. आम्ही थांबू. देव कुठे पळून चाललेला नाही.