मी विसरलो तेव्हा नाना बोलले

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गेजमध्ये बसला नाही की पार्ट रिजेक्ट – भुताखेतांच्या गोष्टींचंही माझ्याकडे तेच. तरी हे लिहितोय, कारण डोक्यातून जातच नाही राव.

काळेवाडीत आमच्या शेजारी नाना राहतात. आयुष्यभर नाटक-सिनेमात कामं केली. हवालदार, सावकार, डॉक्टर, मालिकांमध्ये सासरा... काय नाही केलं! भाजीवाला दर वेळी म्हणायचा, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय." नाव मात्र त्याला कधी आठवलं नाही. मला नाटकाचं वेड लावलं ते त्यांनीच. मग त्यांना पॅरालिसिस झाला आणि वाचाच गेली. काकू दिवसभर त्यांच्याशी बोलत राहायच्या, उत्तर काही यायचं नाही. तेव्हा चालू असलेल्या नाटकात त्यांचा बापाचा रोल होता, तिथं रिप्लेसमेंट म्हणून मी उभा राहिलो.

त्या रविवारी रात्रीची थर्ड शिफ्ट करून, न झोपता, चिंचवडला दुपारच्या प्रयोगाला गेलो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय. दुसऱ्या अंकात ब्लँक झालो. मुलीचं काम करणारी शबाना डोळ्यांनी खुणावतेय, माझ्या डोक्यात नुसती मशीनची घरघर... आणि डाव्या विंगेतून नानांचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत – "चहा ठेव गं, आलोच मी."

मी तेच वाक्य म्हटलं आणि प्रयोग निभावला.

पडदा पडल्यावर शबानाला विचारलं, "विंगेत कोण होतं?"

"कोणीच नाही दादा. तुम्ही गप्प होतात, मग एकदम बोललात."

मेकअप न पुसताच नानांकडे धावलो. काकू ओट्यापाशी रडत बसलेल्या. ओट्यावर दोन कप चहा, साय धरलेला.

"अरे, दुपारी हे बोलले," काकू म्हणाल्या. "चहा ठेव गं, आलोच मी... मी सवयीनं आधण ठेवलं बघ. कप भरले आणि मग लक्षात आलं."

नाना छताकडे बघत पडले होते. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. होत असेल. पण तेच वाक्य? आणि तेव्हाच?

त्यानंतर नाना एक अक्षर बोललेले नाहीत. परवा प्रयोगाला निघालो तर काकूंनी दारात थांबवलं. हळूच म्हणाल्या, "बाळा, आज परत विसरशील का रे?"

त्या जागेवर मी मुद्दाम थांबलो. शबाना घाबरली, प्रेक्षक खोकायला लागले. मी विंगेकडे कान लावून उभा... पण वाक्य माझ्या जिभेवरच होतं. काही केल्या विसरता येईना.