वाणातल्या गोळ्या

सुरतेच्या डिंडोलीत आमचं घर पुढे दुकान, मागे संसार असं आहे. पुढचं मेडिकल माझं. भिंतीवर माझी फार्मसीची पदवी फ्रेम करून लावली आहे, आणि ती आजवर माझ्याशिवाय कुणी वाचलेली नाही. गल्लीतल्या बायका काउंटरपाशी येत, मी "काय हवंय?" म्हटलं की माझ्या खांद्यावरून आत डोकावत आणि विचारत, "मोठी माय आहे का घरात?"

मोठी माय म्हणजे माझ्या सासूबाई. धुळ्याकडून सुरतेला आल्या त्याला तीस वर्षं झाली, पण बोलणं अजून गावातलंच. डॉक्टरकीचा गंध नाही, आणि प्रॅक्टिस माझ्या दुपटीनं. त्यांचा दवाखाना म्हणजे घारी या सुरती मिठाईचा एक रिकामा पत्र्याचा डबा. गल्लीत कुणी बरं झालं की उरलेल्या गोळ्या फेकवत नाहीत, म्हणून त्या सासूबाईंच्या डब्यात जमा होत. तिथून त्या ज्याला दुखेल त्याच्याकडे जात. आमच्याकडे वाटीभर भाजी शेजारी जाते आणि वाटी रिकामी परत येत नाही, त्याच वाटीतून दोन गोळ्याही येत-जात. माझ्या दुकानासमोरून ही उलाढाल चाले आणि मी बसल्या बसल्या बघत राही.

"अहो, नाव ना गाव, कशाची गोळी आहे हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" मी विचारायची.

"पांढरी गोल गोयी तापनी, गुलाबी अंगदुखीनी," त्या बोटं मोजत सांगायच्या. "तुनी डिग्री भिंतवर शे, मना हात लोकेसवर शे."

एकदा मी चिडून मोठ्या अक्षरांत एक तक्ता लिहिला. उरलेली औषधं वापरू नका, दुसऱ्याची औषधं घेऊ नका, तारीख बघा. दुकानाच्या दारावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी तक्ता गायब. चार दिवसांनी कळलं, सासूबाईंनी तो नीट घडी घालून डब्याच्या तळाशी अंथरला होता. कागद जाड आहे, गोळ्यांना ओल लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या हे लक्षात आलं की नाही, शंकाच आहे.

तर त्या वर्षीची संक्रांत. सगळी सुरत गच्चीवर पतंगांत अडकलेली, आणि आमच्याकडे हळदीकुंकवाची तयारी. हळदीकुंकू माझं, वाण सासूबाईंचं, अशी आमची वाटणी पहिल्यापासून. वाण म्हणून आलेल्या प्रत्येकीला काहीतरी उपयोगाची वस्तू द्यायची. कधी चमचे, कधी गाळणी. त्या वर्षी सासूबाईंनी महिनाभर मशीन चालवून बटवे शिवले होते. माझे यजमान डाइंग मिलमध्ये आहेत, त्यामुळे साडीच्या तुकड्यांना घरात तोटा नाही. चमचमते बावीस बटवे, प्रत्येकाला लेस, प्रत्येकाचं तोंड नाडीनं घट्ट बांधलेलं.

"आत काय आहे?" मी जाता जाता विचारलं.

"आजीबाईना बटवा," त्या म्हणाल्या, आणि गालात हसल्या.

सुंठ, ओवा, वेखंड असणार, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. संध्याकाळी दुकान बंद करून घाईघाईनं साडी बदलली, बायकांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि बावीस बटवे माझ्या या हातांनी बावीस ओट्यांत घातले. सासूबाई बाजूला बसून एकेकीच्या कानाशी काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं, आशीर्वाद देत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास समोरच्या चाळीतली एक बाई दुकानात आली. तिनं बटवा काउंटरवर उपडा केला. "ताई, कालच्या वाणातली ही लाल-पिवळी संपली. अशा अजून चार द्या ना."

काउंटरवर तीन गोळ्या पडल्या होत्या. कात्रीनं पट्टीतून एकेक अशा कापलेल्या. कुणावर तारखेचा शेवटचा आकडा, कुणावर नावाचं मधलं अक्षर, कुणावर काहीच नाही. जी संपली होती ती अँटिबायोटिकची कॅप्सूल होती. तिनं ती सर्दीसाठी एक खाल्ली होती आणि तिला "लगेच फरक" पडला होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात माझी नजर गुलाबी गोळीवर गेली.

ती सूज आणि दुखणं उतरवणारी जोरकस गोळी होती. एरवीही विचारल्याशिवाय घेऊ नये अशी. आणि काल ओटी पुढे करणाऱ्यांत मागच्या गल्लीतली एक पोर होती, सातवा महिना लागलेली, कंबर धरून बसलेली. त्या दिवसांत ही गोळी पोटातल्या बाळाच्या हृदयाला त्रास देते, बाळाभोवतीचं पाणी कमी करते. सासूबाई तिच्याही कानाशी बोलल्या होत्या.

भरदिवसा शटर ओढलं. घरातून जाताना सासूबाईंना एवढंच म्हणाले, "ती सातव्या महिन्याची पोर. गुलाबी गोळी." त्या विळीवर बसल्या होत्या, मेथी अर्धी चिरलेली. त्या तशाच उठल्या, चपला न घालता.

पोर दारातच कपडे वाळत घालत होती. आम्हाला पाहून खूश झाली. "मोठी माय, काय गोळी दिली तुम्ही! काल एक घेतली. सकाळी माझ्या सासूबाईंच्या बटव्यातली पण मागून घेतली. कंबर एकदम हलकी."

मी रिक्षा थांबवली. रिक्षात मी तिला काय झालंय ते सांगितलं, जितकं हळू सांगता येईल तितकं. ती दोन्ही हात पोटावर ठेवून बसली. सासूबाईंनी तिच्या हातांवर हात ठेवायला पुढे केला आणि मागे घेतला. तीस वर्षं गल्लीच्या अंगावरून फिरलेला तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्यांच्या धुळीनं भरलेल्या अनवाणी पायांवरून नजर हटत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर यंत्र लावलं. आधी नुसती खरखर. मग ते आलं, धाड धाड धाड, घोडं उधळल्यासारखं. सोनोग्राफीत पाणीही नीट होतं. दोनच गोळ्या, वेळेवर कळलं, आठवड्यानं पुन्हा दाखवा, असं म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "ही गोळी दिली कुणी?"

पोर म्हणाली, "घरात पडली होती." तिनं डोळे मिटूनच सांगितलं.

"मी दिधी," सासूबाई म्हणाल्या.

आणि मी, तक्ते लिहिणारी, तारखा बघणारी, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. दिली तर मीच होती, माझ्या हातांनी, कुंकू लावून. शेवटी बोलले. मी कोण, दुकान कुठं, पदवी कसली, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी पोरीला म्हणाले, "अगं, एक शब्द विचारायचास तरी मला."

तिला नवल वाटलं. "मोठी मायनं सांगितलं, ताईंनी हातात दिली. मग विचारायचं काय?"

त्या दुपारी आम्ही दोघी घरोघर फिरलो. दिलेलं वाण कुणी परत मागत नाही. तसं कुणी ऐकलेलंही नव्हतं. बायका दारात थबकायच्या, "अपशकुन होईल" म्हणायच्या. एकीनं तर बटव्याला कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला होता, तो देवासमोरून उचलावा लागला. सासूबाई प्रत्येक उंबऱ्यावर उभ्या राहून एकच वाक्य म्हणत, "मनी चूक व्हयनी. गोया परत द्या, बटवा ठेवा." तिसऱ्या घरापर्यंत मला ते ऐकवेना. मीच पुढे होऊन बोलायला लागले, तर त्यांनी मला कोपरानं मागे सारलं. एक बटवा उधन्याला कुणाच्या बहिणीकडे पोचला होता. तिथेही गेलो. घरी येऊन डब्यातलं सगळं काढून मी नष्ट करायला पाठवलं, आणि सासूबाईंनी रिकामा डबा घासून पालथा घातला.

तीन महिन्यांनी पोर बाळंत झाली. मुलगी, धडधाकट, आवाज असा की तिसऱ्या गल्लीत ऐकू जावा. पाचवीला आम्ही दोघी गेलो. गल्लीतल्या प्रत्येक बाळाला पहिली घुटी उगाळून द्यायची ती मोठी मायनंच, हा रिवाज. सहाण मांडलेली होती, मुळ्या ओळीनं ठेवलेल्या. पोरीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "द्या ना, मोठी माय."

सासूबाईंनी बाळाच्या टाळूवरून हात फिरवला. मग सहाण बाजूला सारली.

"आते माले नको इचारू," त्या म्हणाल्या. "मनी सूनले इचार."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. हे वाक्य ऐकायला मी दुकान काढल्यापासून बारा वर्षं कान लावून बसले होते, आणि ऐकलं तेव्हा रडू यायला लागलं. मी घाईनं म्हणाले, "सहा महिने फक्त आईचं दूध. घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही." दुकानात गुजराती गिऱ्हाइकाला गोळ्या देताना 'सवारे एक, सांजे एक' सांगते तसंच, एका दमात.

पोरीनं मान हलवली. बाकीच्या बायकांनीही हलवली. फक्त सासूबाईंनी नाही. बाळाला छातीशी धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कसाले?"

मी काही बोलणार तोच त्यांनी पुन्हा विचारलं, "कसाले नही द्यायचं? नीट सांग. माले समजाले पाहिजे."

बारा वर्षांत मला कुणीच 'का' विचारलं नव्हतं, आणि मीही कधी कुणाला सांगायला थांबले नव्हते. मी त्यांच्याशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले.