जावयाच्या गाडीत

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्न झालं तेव्हा आवडत होता. उंचापुरा, हसतमुख, माजरीला खाणीत पक्की नोकरी. मग त्याने गाडी घेतली आणि मी तिच्यात बसले. हा माणूस गाडी चालवत नाही, मोबाईल चालवतो. गाडी आपली सोबत चालत असते. कामावर साहेबासमोर खिशातून फोन काढायची त्याची टाप नाही. गाडीत मात्र बायको, पोरगी, सासू आणि मी. आम्हाला कोण विचारतो?

आणि आमच्याकडे जावयाला बोलायची सोय नाही. आईच्या लेखी जावयाचं ताट आधी, जावयाची गादी जाड, आणि जावयाची चूक ती चूकच नव्हे. मागे एकदा मी म्हटलं, "जवाईबापू, फोन मंग पाहा ना." तो आरशातून हसला. "ताई, मले सवय हाय. तुमी भेऊ नोका." आईने मलाच कोपराने ढोसलं. बहीण खिडकीबाहेर पाहत बसली. नंतर एकटी भेटली की म्हणायची, "मी बोलली का तो दोन दोन दिवस जेवत नाई."

त्या दिवशी गोंडपिपरीला मामेभावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आटोपून आम्ही दुपारचे चंद्रपूरला परतत होतो. मळणी झाली होती, आणि गावोगाव लोकांनी डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागात धान वाळत घातलं होतं, भोवती दगड लावून. पुढे बहीण, तिच्या मांडीवर चार वर्षांची लेक. मागे आई आणि मी. जावयाचा व्हिडिओ कॉल चालू होता. फोन स्टेअरिंगला टेकवून तो कुण्या मित्राला जेवणाचा बेत रंगवून सांगत होता. जंगल संपून गाव लागलं, ते त्याला कळलंच नाही.

एक म्हातारी आमच्याकडे पाठ करून पायाने धान खालीवर करत होती. मी ओरडले. त्याने मान वर केली, ब्रेक दाबला आणि चाकं धानावरून घसरत गेली. गाडी थांबली तेव्हा म्हातारीचं लुगडं बोनेटला लागलं होतं. ती मटकन खाली बसली. धक्का लागला नव्हता, घाबरूनच बसली होती. इकडे पोरीचं कपाळ समोर आपटलं आणि तिने भोकाड पसरलं.

त्याने काच खाली केली. मला वाटलं, आता तरी हा माफी मागेल.

"ए बुढे, दिसत नाई का तुले? रोड काय धान वाळवाले हाय?"

स्वतःच्या पोरीकडे त्याने अजून पाहिलंही नव्हतं. फोनमधला मित्र "काय झालं बे?" विचारत होता आणि हा त्याला सांगत होता, "काई नाई, एक बुढी आली मधात." त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. दिली नाही, याची आजही चुटपुट आहे.

बहीण पोरीला घेऊन उतरली. म्हातारीला हात देऊन उठवलं, तिच्या घराच्या ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं. मग समोरच्या एसटी थांब्यावर जाऊन उभी राहिली. मीही उतरले. आई गाडीतच बसून होती. "जवाईबापूले काय वाटन?" मग तिला नातीच्या कपाळावरचं टेंगूळ दिसलं, आणि पदर खोचून तीही उतरली.

"मी इथी तमाशा पाह्यत नाई बसत," जावई म्हणाला. "बसता का नाई गाडीत?"

"नाई बसत," बहीण म्हणाली. त्याला नाही म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

थोड्या वेळाने बस आली. आम्ही चढलो, तसा तो मागे लागला. आधी बहिणीचा फोन वाजला. तिने बंद करून टाकला. मग माझा वाजला. उचलावा आणि मनसोक्त शिव्या घालाव्यात असं वाटलं, पण शिव्या ऐकतानाही तो गाडी चालवतच राहिला असता. मग आईचा. आई तो हातात धरून बसली होती, निखारा धरावा तसा.

"उचलू नको आई," बहीण म्हणाली. "उचलला का तो बोलत बसन."

तेवढ्यात हॉर्न देत त्याची गाडी बसच्या बरोबरीने आली. पुढे वळण होतं. आमचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून खच्चून ओरडला. याला कुठलं ऐकू येतंय! फोन कानाला, आणि डोळे आमच्या खिडक्यांवर.

पोरीला मात्र गंमत वाटली. टेंगूळ विसरून ती खिडकीशी उभी राहिली आणि "बाबा! बाबा!" करत हात हलवू लागली. त्याने तिला पाहिलं. हसला. एका हातात फोन होताच, दुसरा त्याने स्टेअरिंगवरून उचलला आणि लेकीला टाटा केला.

बहिणीने पोरीचा हात धरून खाली ओढला.