जिन्यातला ळ

मंडळी, आज डोकं सटकलंय, म्हणून लगेच लिहितेय.

आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दर रविवारी मी जिन्यात बसून लहान मराठी पोरांना गोष्टी वाचायला शिकवते. आज वरच्या मजल्यावरच्या आंटी कडाडल्या, "दिल्ली में मराठी किस काम की? सीढ़ियाँ खाली करो!"

मी तोंड उघडायच्या आत पाच वर्षांची ओवी पुस्तक घेऊन उठली. परवापर्यंत हीच 'बाळ'चं 'बाल' करायची.

"आंटी, बाल तो सिर पे होते हैं. ये बाळ है. बोलके दिखाओ!"

आंटींनी खरंच प्रयत्न केला. 'बाल'च निघालं.

जिना आम्ही सोडणार नाही. पुढच्या रविवारी आंटींसाठी पहिली पायरी राखून ठेवलीय.

तुमच्या पोरांना ळ येतो का? नसेल तर पाठवा. आंटींच्या शेजारी जागा आहे.